रिकामी भांडी

(शब्बाथशाळा, तरुण संघ व घरगुती प्रार्थनासभा यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : २ राजे ४:१-७, मत्तय २०:१-७, प्रेषितांची कृत्ये १८:१-४

पाठाचा उद्देश : तरुणांच्या बेकारीच्या प्रश्नात मंडळीवर कोणती जबाबदारी येते हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे, आणि स्वतःचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या तरुणाला आपण काय देऊ शकतो ह्याचा विचार करणे.

प्रास्ताविक

भोपाळच्या आमच्या मंडळीत एक गोष्ट माझ्या बऱ्याच दिवसांपासून लक्षात येत होती. आशीर्वाद होण्यापूर्वीच मागच्या बाकावरची दोनचार तरुण मुले हळूच उठून बाहेर जात. मला वाटे, आजच्या मुलांना उपासनेची गोडी उरलेली नाही. शेवटी एकाला मी विचारलेच. तो म्हणाला, "अंकल, उपासनेनंतर सगळे एकच विचारतात, 'सध्या काय करतोस?' तीन वर्षं मी एकच उत्तर देतोय, फॉर्म भरलाय."

ते उत्तर ऐकून मी गप्प झालो. कारण विचारणाऱ्यांत मीही होतो.

हा प्रश्न एका मंडळीचा नाही. २०२३ साली मध्य प्रदेशात पटवारी व त्यासारख्या पदांची परीक्षा झाली. जागा सुमारे नऊ हजार होत्या आणि अर्ज बारा लाखांहून अधिक आले होते. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार, काम करणाऱ्या व काम शोधणाऱ्या १५ ते २९ वर्षांच्या व्यक्तींत शंभरांमागे दहा जण बेकार होते. सर्व प्रौढांचे एकत्र प्रमाण काढले तर ते शंभरांमागे तीनच्या आसपास होते. म्हणजे ह्या ओझ्याचा मोठा भाग तरुणांच्या खांद्यावर आहे.

आमची पिढी वेगळ्या दिवसांत वाढली. १९५६ साली भोपाळला विजेची अवजड यंत्रे करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९७४ मध्ये तो 'भेल'मध्ये विलीन झाला. महाराष्ट्रातून व विदर्भातून पुष्कळ कुटुंबे त्या निमित्ताने येथे आली. पिपलानी-बरखेडात क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाली, दुखण्याखुपण्याला इस्पितळ मिळाले. त्याआधीच्या पिढीत ख्रिस्ती कुटुंबांना मिशनने आधार दिला होता. कोणी शाळेत मास्तर झाले, कोणी नर्स, कोणी कंपाउंडर, कोणी बायबल-बाई. ह्या सर्वांबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु त्यातून आपल्याला एक सवय लागली. काम म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे कोणीतरी देणारी वस्तू, असे आपण धरून चाललो. आता मिशनच्या जागा फारशा राहिल्या नाहीत, आणि कारखान्यातील कायमच्या नोकऱ्याही पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाल्या आहेत. म्हणून आज सगळीकडून तरुणांना सांगितले जाते, "नोकरीची वाट पाहू नका, स्वतःचा धंदा काढा." हा सल्ला चुकीचा नाही. पण तो देऊन आपले काम संपते काय? ह्याचे उत्तर आपण शास्त्रात शोधू या.

१. बेकार आणि आळशी हे एक नव्हेत

थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातील तिसरा अध्याय (३:६-१२) बेकार मुलांना ऐकवण्याची आपल्याकडे रीत आहे. तेथे पौल काम न करणाऱ्यांना कडक शब्दांत बोलतो हे खरे. पण तो कोणाविषयी बोलतो हे नीट वाचले पाहिजे. काम करण्याची इच्छाच नसलेले, दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करीत फिरणारे लोक त्याच्यासमोर आहेत.

आता मत्तयाचा विसावा अध्याय उघडा. प्रभूच्या दाखल्यात दिवस संपायला एक तास उरला असतानाही काही माणसे बाजारात उभी आहेत. धनी त्यांना कारण विचारतो, आणि त्यांचे उत्तर साधे आहे : आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही, त्यांचे उत्तर खोटेही ठरवीत नाही. तो त्यांना काम देतो. दिवसभर उन्हात उभे राहून वाट पाहणे हाही एक शीण आहे हे त्या धन्याला कळत होते.

म्हणून पहिला बोध असा की, पौलाचे वचन बाजारात उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावर टाकण्याआधी, त्याला कोणी कामावर लावले होते काय हे आपण विचारले पाहिजे.

२. घरात काय आहे?

आता मुख्य भागाकडे वळू. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून गेला. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी आला आहे. लक्षात घ्या, येथेही प्रश्न तरुणांच्या भवितव्याचाच आहे.

अलीशा तिला पैसे देत नाही. कदाचित त्याच्याजवळ ते नसतीलही. तो विचारतो की, तुझ्या घरात काय आहे? ती आधी म्हणते की काहीच नाही, आणि मग तिला तेलाची बुधली आठवते. आपले तरुणही प्रथम असेच उत्तर देतात. थोडे बसून बोलले म्हणजे बुधली सापडते. कोणाचा हात यंत्रावर चांगला चालतो. कोणी लग्नकार्यात शंभर माणसांचा स्वयंपाक न डगमगता उरकते. कोणी आय.टी.आय. केलेला असतो, पण प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्यापलीकडे त्याचा उपयोग कोणी त्याला दाखवलेला नसतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. अलीशाने तिच्या घरात जे होते त्याविषयी विचारले; शेजारणीच्या घरातले नव्हे. अमक्याने मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले म्हणून आपल्यानेही तेच काढावे, असा हट्ट आईबापांनी धरू नये. तसेच प्रत्येकाच्या अंगी धंदा चालवण्याचा गुण असतोच असे नाही. ज्याला मजुरीचे किंवा नोकरीचे काम साधते त्याने ते मान ताठ ठेवून करावे. त्यात उणेपणा नाही.

३. शेजाऱ्यांची भांडी

ह्या वृत्तांतातील जो भाग आपण घाईने वाचून पुढे जातो, तोच मला आज सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अलीशा तिला शेजाऱ्यांकडे पाठवतो. सगळ्या शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नको, असे तो सांगतो. मग तेल ओतले जाते, आणि शेवटचे भांडे भरताच थांबते.

तेल देवाने दिले. भांडी शेजाऱ्यांनी दिली. देवाच्या कृपेला अंत नव्हता, पण भांड्यांना होता. त्या गल्लीतील लोकांनी "नेहमीचेच मागणे" म्हणून दारे लावून घेतली असती, तर कर्ज फिटण्याआधीच तेल थांबले असते आणि दोन मुले सावकाराच्या घरी गेली असती. शेजाऱ्यांपैकी कोणी चमत्कार केला नाही. चमत्काराला लागणारी जागा मात्र त्यांनी दिली.

आजच्या धंद्यात रिकामे भांडे म्हणजे काय? भांडे म्हणजे गिऱ्हाइकी. भांडे म्हणजे पहिले काम विश्वासाने सोपवणे, आणि त्याचा पैसा वेळेवर देणे.

भोपाळ शहराने हा धडा फार दुःखातून शिकला आहे. १९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. कितीतरी घरांत कमावणारा हात गेला किंवा कायमचा अधू झाला. त्यानंतर बाधित स्त्रियांना शिवणकाम, वह्या-फायली बनवणे अशी कामे शिकवण्यासाठी सरकारी केंद्रे निघाली. पण शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नातून स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या. अब्दुल जब्बार यांच्या पुढाकाराने चाललेल्या संघटनेच्या नावातच 'महिला उद्योग' हे शब्द आहेत, आणि खैरात नको, रोजगार हवा, ही तिची मागणी शहराने रस्त्यावर ऐकली. जब्बार २०१९ साली वारले. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. स्टेशनरीच्या कामावर रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला ह्या दोघींची १९८६ साली ओळख झाली. एक मुसलमान, एक हिंदू. कायमचे काम व योग्य वेतन ह्यांसाठी १९८९ मध्ये त्या आपल्या सोबतिणींसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी वायूबाधित घरांतील अपंग मुलांसाठी 'चिंगारी' न्यास स्थापन केला. ह्या बायांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : आम्हांला शिकवलेत, आता काम द्या.

आपल्या ख्रिस्ती इतिहासातही हेच दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, म्हणजे आमच्याच ह्या भागातून, सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छपाई अशी कामे मिळाली. रमाबाईंनी मुलींना खिळे जुळवायला केवळ शिकवून सोडले नाही. त्यांनी स्वतः मूळ भाषांवरून मराठीत केलेल्या बायबलच्या छपाईचे काम ह्याच छापखान्यात त्यांच्या हाती दिले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या; १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून प्रसिद्ध झाले. आपल्या आयुष्यातील सर्वांत मौल्यवान काम त्यांनी दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हाती सोपवले होते. रिकामे भांडे देणे म्हणतात ते हेच.

प्रेषितांची कृत्ये १८ मध्येही हाच धागा आहे. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागलेले अक्विल्ला व प्रिस्किल्ला करिंथात तंबूचे काम करीत होते. पौल शहरात नवखा आला तेव्हा त्यांनी त्याला घरात आणि कामात जागा दिली. ज्याचा धंदा बसलेला आहे त्याने नवख्याला शेजारी बसवून घ्यावे, हा त्यांचा कित्ता आहे.

४. आम्ही भांडी दिली नाहीत

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या मंडळीतील एका मुलाने आय.टी.आय. करून मोटर रीवाइंडिंगचे लहानसे दुकान काढले. दुकानाची प्रार्थना झाली, पेढे वाटले गेले, सर्वांनी शाबासकी दिली. उन्हाळा लागला तशा आमच्या घरच्या कूलरच्या मोटरी व पंखे त्याच्याकडे जाऊ लागले. काम तो चोख करी. पण पैसे देताना प्रत्येकाच्या मनात एकच विचार : आपल्या घरचाच मुलगा आहे, सावकाश देऊ. बाहेरचे गिऱ्हाईक रोख देई आणि मंडळीचे गिऱ्हाईक उधार. माझ्याकडून त्याला आठशे रुपये येणे होते. मी ते एप्रिलऐवजी नाताळानंतर दिले. तोवर दुकान बंद झाले होते आणि तो मंडीदीपला एका ठेकेदाराकडे जाऊ लागला होता. पैसे घेताना तो एवढेच म्हणाला, "अंकल, पैशाचं काही नाही. पण तांब्याची तार कोणी उधार देत नाही."

लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१४-१५ मी अनेकदा शिकवले होते. मजुराची मजुरी रात्रभरही आपल्याजवळ ठेवू नये, असे नियमशास्त्र सांगते. याकोब तर म्हणतो की, अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते (५:४). त्या दिवशी मला कळले की, माझ्या खिशातील आठशे रुपये आठ महिने ओरडत होते आणि मी दर रविवारी त्यांच्यावर अर्पणाची पिशवी फिरवीत होतो.

दुसरी गोष्ट शिवणयंत्रांची. एका वर्षी आम्ही गरजू बहिणींना तीन शिवणयंत्रे दिली. फोटो काढले. त्याच वर्षी गायनवृंदाचे झगे मात्र न्यू मार्केटमधून तयार विकत आणले. पुढे एका घरी गेलो तेव्हा यंत्रावर चादर घालून वर टीव्ही ठेवलेला दिसला. मनात आले, बहिणीने देणगीचा अनादर केला. मग लक्षात आले की, आम्ही यंत्र दिले पण कापड कोणीच नेऊन दिले नव्हते.

५. दार लावून घेणे

अलीशाने सांगितले की, दार लावून घे आणि मग ओत. देवाने त्या घराची अब्रू झाकली. गल्लीला भांडी दिल्याचे माहीत होते, पण आत काय चालले आहे हे पाहायला कोणी डोकावले नाही. मदतीची जाहीर घोषणा, व्यासपीठावर बोलावून नाव घेणे, "ह्याच्यासाठी प्रार्थना करा, हा बेकार आहे" असे सर्वांसमक्ष म्हणणे, ह्यांनी तरुणांचे मन मोडते. मुलाला तेल ओतण्यासाठी थोडा एकांत द्या. पहिल्या वर्षी चुका होतील. त्या घरातच राहू द्या.

शिवाय पाहा, भांडी आणून देण्याचे काम त्या दोन मुलांनीच केले. ज्यांना दास व्हावे लागणार होते तेच धंद्यात आईचे साथीदार झाले.

६. विक आणि कर्ज फेड

शेवटी अलीशा तीन गोष्टी क्रमाने सांगतो : तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर निर्वाह कर. हा क्रम तरुणांनी पाठ करावा. गल्ल्यातील सगळा पैसा आपला नसतो. आधी माल देणाऱ्याचा, मग बँकेचा, आणि उरेल तो घरचा. घरच्यांनीही गल्ल्यात हात घालू नये.

कर्जाविषयी दोन शब्द. २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांचा समावेश विशेष गटात केला गेला, व त्यांनी स्वतः घालावयाचा वाटा प्रकल्पखर्चाच्या शंभरांत पाच इतकाच ठेवला गेला. अनुदानाची रक्कम मात्र हाती रोख न देता तीन वर्षे बँकेत राखून ठेवण्याचा नियम आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते आणि मग निराशा होते. २०१५ मध्ये आलेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' ह्या नावाने पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची सोय झाली. नियम बदलत असतात. म्हणून दलालाकडे न जाता जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात किंवा बँकेत स्वतः जाऊन चालू नियम विचारावेत.

पण कर्ज मिळते म्हणून घेऊ नये. नीतिसूत्रे ६:१-५ व २२:२६-२७ जामीन राहणाऱ्यास सावध करतात. मंडळीतील वडीलधाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की, जामीन होण्यापेक्षा गिऱ्हाईक व्हा. ज्याच्याकडे दहा रोख गिऱ्हाइके आहेत त्याला मोठे कर्ज लागत नाही. ज्याच्याकडे एकही नाही त्याला कर्ज तारत नाही.

७. मंडळीने काय करावे?

(अ) मंडळीतील हातांची वही करावी. कोण वायरमन, कोण शिंपी, कोण स्वयंपाकात निपुण, कोण हिशेब लिहितो, ते त्यांच्या परवानगीने लिहून ठेवावे. चर्चच्या इमारतीचे रंगकाम, वायरिंग, हंगाम सणाचे जेवण, वार्षिक अहवालाची छपाई, अशी कामे निघाली की ही वही आधी उघडावी.

(ब) काम वाजवी दराने द्यावे व त्याच दिवशी पैसे द्यावेत. "ख्रिस्ती भाऊ आहे, कमी कर" असे म्हणू नये. तसेच काम वाईट झाले तर एकांतात स्पष्ट सांगावे. खोटी स्तुती हेही फुटके भांडेच आहे.

(क) निवृत्त बंधूंनी वेळ द्यावा. पस्तीस वर्षे स्टोअर, हिशेब किंवा यंत्रशाळा सांभाळलेली माणसे आपल्यात आहेत. महिन्यातून दोन संध्याकाळी ती एखाद्या मुलाच्या दुकानात बसली, तर दर्जा कसा राखावा, बिल कसे करावे, हे त्याला पुस्तकाविना समजेल.

(ड) धंदा बसला नाही तर त्या तरुणाला टाकून बोलू नये. ज्याने प्रयत्न केला त्याला पुन्हा उठायला जागा असावी.

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गात एक बाटलीभर पाणी न्यावे आणि मुलांना घरून वाट्या-पेले आणायला सांगावे. भांडी संपली की ओतणे थांबवावे व विचारावे, "पाणी अजून आहे, मग थांबलो का?" उत्तर मुलेच देतील. मोठ्यांच्या वर्गात बेकार तरुण बसलेले असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवून उदाहरण देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय २०:७ मधील मजुरांचे उत्तर आणि २ थेस्सल. ३:१० मधील सूचना ह्यांत फरक काय?

२. विधवेच्या शेजाऱ्यांनी भांडी का दिली असतील? आपण का देत नाही?

३. गेल्या वर्षी आपल्या मंडळीने पैसे देऊन कोणकोणती कामे करून घेतली? त्यांतील किती कामे मंडळीतील तरुणांना देता आली असती?

४. आपल्यापैकी कोणाकडे एखाद्या लहान धंदेवाल्याचे पैसे थकले आहेत काय? (ह्याचे उत्तर वर्गात देऊ नये. घरी जाऊन पैसे द्यावेत.)

समारोप

आमच्या मंडळीत आता "सध्या काय करतोस?" हा प्रश्न विचारायचा नाही असे आम्ही काही जणांनी आपसांत ठरवले आहे. त्याऐवजी, "माझ्या घरी एक काम आहे, पाहतोस का?" असे विचारतो. दर रविवारी विचारण्याजोगे काम असतेच असे नाही. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा आता आशीर्वादापर्यंत थांबतो.

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः सुताराच्या घरी वाढलास आणि हातांच्या कष्टाला मान दिलास. बाजारात वाट पाहत उभ्या असलेल्या आमच्या मुलामुलींची आठवण ठेव. त्यांच्या घरात जे थोडे आहे ते त्यांना दाखव. आम्ही अडवून ठेवलेल्या मजुरीची आम्हांला क्षमा कर, ती आजच देण्याची बुद्धी दे, आणि तुझे तेल आमच्या दाराशी येऊन थांबू नये म्हणून आमची भांडी रिकामी व मोकळी ठेव. आमेन.